रुग्णांनी लिहून दिलेलं शास्त्र

१८८६ साली रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाचं 'सायकोपॅथिया सेक्शुॲलिस' हे पुस्तक निघालं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात तो प्राध्यापक होता. वेड्यांच्या इस्पितळात त्याने वर्षानुवर्षं काम केलं होतं आणि कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायला तो सरावला होता. पुस्तक डॉक्टरांनी आणि वकिलांनी वाचावं, इतरांनी त्याच्या वाटेला जाऊ नये म्हणून त्याने नाव लॅटिन ठेवलं. जिथे वर्णन फारच उघडं होईलसं वाटलं तिथे मजकूरही लॅटिनमध्ये दिला. व्हायचं ते झालंच. पुस्तक हातोहात खपलं आणि प्राध्यापकमहाशयांच्या टपालात अनोळखी माणसांची पत्रं येऊन पडू लागली. पत्रं लिहिणारे बहुतेक शिकलेसवरलेले, खाऊनपिऊन सुखी. त्यांत काही डॉक्टरही होते. आपल्यासारखं जगात आणखी कोणी आहे हे या पुस्तकामुळेच पहिल्यांदा कळलं, असं ते लिहीत आणि सोबत आपली हकिकत जोडत: लहानपणी काय वाटायचं, पहिला जीव कोणावर जडला, लग्न करून पाहिलं त्याचं काय झालं. काही जण तर प्राध्यापकाशी वाद घालत, की तुमचं निदान चुकलंय, आम्ही आजारी नाही, आम्हाला छळणारा कायदा आजारी आहे.

क्राफ्ट-एबिंगचा मोठेपणा असा, की त्याने ही पत्रं केराच्या टोपलीत टाकली नाहीत. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ती छापली, वाद घालणारीसुद्धा. शे-सव्वाशे पानांचं पुस्तक बाराव्या आवृत्तीपर्यंत चारशे पानांच्या पुढे गेलं. सुरुवातीला चाळीस-पंचेचाळीस वृत्तांत होते, ते दोनशेच्या वर पोचले. १९०२ साली वारण्यापूर्वी त्याने आपलं मतही बदललं. समलिंगी ओढ हे वंशाच्या अधःपतनाचं लक्षण, हा त्याचा जुना सिद्धान्त. तो बाजूला ठेवून, ही एक जन्मजात घडण आहे आणि ती चांगल्या बुद्धीच्या, निकोप माणसातही असू शकते, असं त्याने लिहून ठेवलं.

आधुनिक लैंगिक ओळख ही मानसोपचारशास्त्राने घडवली, असं गेली चाळीस-पन्नास वर्षं विद्यापीठांतून सांगितलं जातं. त्या टपालाकडे पाहिलं की हे विधान अर्धंच खरं वाटतं.

विधानाचा उगम मिशेल फुको या फ्रेंच विचारवंताच्या १९७६ सालच्या पुस्तकात आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या युरोपात चर्चला आणि कायद्याला कृत्याशी देणंघेणं होतं. पुरुषाने पुरुषाशी संग केला तर ते पाप, तो गुन्हा. पण करणारा माणूस इतरांसारखाच, घसरलेला एवढंच. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर आले आणि त्यांनी कृत्यामागे एक वेगळ्या जातीचा माणूस उभा केला. त्याला बालपण दिलं, स्वभाव दिला, शरीराची ठेवण दिली. या जन्माची तारीखही फुकोने देऊन टाकली: १८७०, बर्लिनचा डॉक्टर कार्ल वेस्टफाल याचा लेख. कल्पना झळाळती आहे आणि तिने इतिहासलेखनाला नवी दिशा दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वेस्टफालचा लेख उघडला तर काय दिसतं? त्यात मुख्य वृत्तांत दोन. एक स्त्री, जिला स्त्रियांची ओढ आहे. आणि एक पुरुष, जो बायकांचे कपडे घालून वावरतो. आज आपण या दोघांना निरनिराळ्या शीर्षकांखाली ठेवू. वेस्टफालने दोघांना एकाच निदानाखाली बसवलं. ज्याच्या जन्माची तारीख फुको देतो तो माणूस त्या लेखात अजून धड वेगळा झालेलाच नव्हता.

शिवाय वेस्टफालच्या आधी एक वकील होऊन गेला होता. कार्ल हाइनरिख उल्रिक्स, हॅनोव्हरचा. १८६४ पासून तो पुस्तिका काढत होता. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाच्या देहात स्त्रीचा आत्मा असतो, ही रचना निसर्गाचीच आहे, म्हणून कायद्याने तिला शिक्षा देऊ नये, असा त्याचा युक्तिवाद. २९ ऑगस्ट १८६७ रोजी म्युनिकमध्ये जर्मन कायदेपंडितांच्या परिषदेत तो हे बोलायला उभा राहिला. सभेत आरडाओरडा झाला आणि त्याला भाषण अर्ध्यावर सोडून खाली उतरावं लागलं. स्वतःबद्दल, स्वतःच्या तोंडाने, भर सभेत कोणी असं बोलल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग. त्याच सुमारास कर्टबेनी नावाच्या हंगेरियन लेखकाने 'होमोसेक्शुअल' हा शब्द पत्रातून आणि निनावी पत्रकांतून वापरात आणला. तोही डॉक्टर नव्हता. पुढे खुद्द क्राफ्ट-एबिंगने उल्रिक्सला पत्र लिहून कळवलं, की या विषयाकडे मी वळलो तो तुमच्या लिखाणामुळे. म्हणजे डॉक्टरांच्या हाती जे लागलं ते आधीच कोणीतरी आपल्या जगण्यातून लिहून ठेवलेलं होतं. डॉक्टरांनी त्यावर शिक्का मारला. तो शिक्का लहान गोष्ट नव्हती, त्याची फार मोठी किंमत पुढे मोजावी लागली. पण मजकूर त्यांचा नव्हता.

मग या लोकांनी डॉक्टरांचा उंबरा झिजवला कशासाठी? उत्तर सोपं आहे. दुसऱ्या दारात पोलीस उभा होता. १८७१ साली जर्मन साम्राज्य उभं राहिलं आणि प्रशियाचा जुना कायदा कलम १७५ म्हणून साऱ्या जर्मनीवर लागू झाला. त्याच वर्षी इकडे हिंदुस्थानात इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची पोलिसांकडे नोंद ठेवायची तरतूद होती; बायकांचे कपडे घालून चारचौघांत नाचणंगाणं हा त्यांच्यापुरता गुन्हा ठरवला होता. भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ तर १८६० पासूनचं. पोलिसाच्या वहीत जाण्यापेक्षा डॉक्टरच्या वहीत गेलेलं बरं, असा हिशेब युरोपातल्या मध्यमवर्गीय समलिंगी माणसाने केला. जन्मजात आहे म्हणजे दोष माझा नाही. दोष नाही म्हणजे शिक्षा नको. सौदा वाईट नव्हता. फक्त त्यात एक मेख होती: दोष नाही, पण बिघाड आहे, हे मान्य करावं लागत होतं. आणि बिघाड म्हटला की दुरुस्तीवाला आलाच.

माग्नुस हिर्शफेल्ड हा या सौद्याचा सर्वांत हुशार दलाल. तो स्वतः डॉक्टर, ज्यू आणि समलिंगी. १८९७ साली त्याने बर्लिनमध्ये एक समिती स्थापली आणि कलम १७५ रद्द व्हावं म्हणून सह्यांची मोहीम चालवली. सही करणाऱ्यांत क्राफ्ट-एबिंगही होता. १९१९ साली त्याने लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. तिथे ग्रंथालय होतं, दवाखाना होता, सल्ला मिळे, राहायची सोयही होती. पुरुष म्हणून जन्मलेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्या लोकांसाठी त्याने बर्लिन पोलिसांशी बोलणी केली. पोलीस अशांना एक दाखला देत, म्हणजे कपड्यांवरून रस्त्यात अटक व्हायला नको. दाखल्याच्या मागे अर्थातच डॉक्टरचं पत्र. १९३० ते १९३२ या जगप्रवासात, १९३१ साली, तो भारतातही येऊन गेला. परत मात्र तो जर्मनीत गेला नाही, जाण्यासारखी परिस्थिती उरली नव्हती. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी संस्था लुटली आणि १० मेच्या प्रसिद्ध होळीत तिथली पुस्तकं जाळली. वाचवण्यासाठी रचलेला 'ही जन्मजात घडण आहे' हा युक्तिवाद उलटा फिरायला मग वेळ लागला नाही. बुखेनवाल्डच्या छळछावणीत १९४४ साली कार्ल व्हेर्नेट या डॅनिश डॉक्टरने समलिंगी कैद्यांच्या शरीरात संप्रेरकं बसवून त्यांना 'सरळ' करायचे प्रयोग केले. शरीरातच आहे ना, मग शरीरातच बदलू.

या सगळ्याचे पडसाद मराठीत उमटले नाहीत असं कोणी समजू नये. रघुनाथ धोंडो कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच्या अंकापर्यंत चाललं. त्यात वाचकांच्या पत्रांना उत्तरं असत. मला क्राफ्ट-एबिंगचं टपाल आणि कर्व्यांचं टपाल शेजारी ठेवून पाहायला आवडतं. कर्वे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी गमावून बसले होते. म्हणून की काय, पत्र लिहिणाऱ्याला रोगी ठरवायची त्यांना घाई नसे. प्रश्न आला, उत्तर दिलं, पुढचा प्रश्न. हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल आलेल्या अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली तो चालला. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, हा कोर्टाचा रोख. आंबेडकरांनी मांडलं ते असं: लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही. लोकांना प्रश्न पडतात, ते विचारतात, आणि उत्तर द्यायचं तर ज्ञानाच्या आधारेच द्यायला हवं. कोणाला ही विकृती वाटत असेल तरी ती जाईल ज्ञानानेच. लैंगिकतेचा अभ्यासक हॅवलॉक एलिस याच्या संशोधनाचा दाखलाही त्यांनी दिला. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक चालू राहिलं.

कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली होती आणि त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. १९२९ साली त्यांनी फ्रॉइडला कळवलं, की आपल्याला स्त्री व्हावं ही इच्छा भारतीय पुरुष रुग्णांमध्ये युरोपीय रुग्णांपेक्षा सहज वर येते, आणि लिंगच्छेदाची धास्ती तुम्ही सांगता तेवढी इथे दिसत नाही. फ्रॉइडने सौजन्याने उत्तर दिलं, पण सिद्धान्त काही हलवला नाही. बोसांचं निरीक्षण तिथेच राहिलं. ते पुढे नेलं असतं तर आपल्याकडच्या मानसोपचाराची वाट थोडी वेगळी झाली असती, असं मला वाटतं.

फ्रॉइडला मात्र त्याच्या शिष्यांबरोबर मोजू नये. आपल्या १९०५ च्या निबंधांना १९१५ साली जोडलेल्या टिपेत त्याने समलिंगी लोकांना निराळ्या जातीचे म्हणून बाजूला काढायला विरोध केला. १९३५ साली एका अमेरिकन आईच्या पत्राला दिलेलं त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे: यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हा आजार म्हणता येणार नाही, आणि बदलून देण्याचं आश्वासन मी देऊ शकत नाही. अमेरिकेत गेलेल्या शिष्यपरंपरेने नेमकं उलट केलं. सांडोर राडोने १९४० साली फ्रॉइडची मूळची उभयलिंगी प्रवृत्तीची कल्पनाच मोडीत काढली. समलिंगी ओढ म्हणजे स्त्रीची भीती, आणि भीती म्हटली की ती घालवता येणारच. १९६२ साली अर्व्हिंग बीबरने १०६ समलिंगी पुरुषांवरचा मोठा अभ्यास छापला आणि खापर फोडलं जवळ जवळ येणाऱ्या आईवर आणि दूर दूर राहणाऱ्या बापावर. हे १०६ जण सगळे मनोविश्लेषकांकडे उपचाराला आलेले होते. त्यांच्याविषयीची माहितीही त्यांनी दिलेली नव्हती, त्यांच्या डॉक्टरांनी प्रश्नावल्या भरून दिलेली होती. क्राफ्ट-एबिंगच्या काळी निदान रुग्णाचं पत्र छापलं तरी जात होतं.

१९५२ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानांची पहिली पुस्तिका काढली. त्यात समलैंगिकता समाजविघातक व्यक्तिमत्त्वदोषांच्या सदराखाली गेली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंगला शिक्षा झाली: तुरुंग किंवा संप्रेरकांची इंजेक्शनं, यांतलं एक निवड. त्याने इंजेक्शनं घेतली. १९५४ साली तो मेला. जुन्या सौद्याचं यापेक्षा नागडं रूप शोधून सापडणार नाही. दवाखान्यांतून पुरुषांची चित्रं दाखवताना विजेचे झटके देणं किंवा ओकारीचं औषध टोचणं सर्रास चालू होतं. प्रागमध्ये कुर्ट फ्रॉइंडने ही ओकारीची पद्धत वापरून पाहिली. हा गृहस्थ प्रामाणिक. पुढे काही वर्षं रुग्णांचा मागोवा घेतला, आकडे मांडले, आणि याने काहीही बदलत नाही असं स्वतःच जाहीर केलं. चेकोस्लोव्हाकियाने १९६१ साली समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, त्यात त्याच्या मताचा वाटा होता. बाकीच्यांना एवढं साधं मोजमाप सुचायला आणखी दहा-पंधरा वर्षं लागावीत, हे विज्ञान म्हणवणाऱ्या धंद्याला शोभत नाही.

समलिंगी माणूस मुळात आजारी आहे का, याचं मोजमाप सुचलं ते एका मानसशास्त्रज्ञ बाईंना, आणि तेही एका विद्यार्थ्याने टोकल्यामुळे. एव्हलिन हूकर लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवत. वर्गातल्या एका हुशार मुलाशी त्यांची ओळख वाढली, त्याच्या मित्रमंडळींत जाणंयेणं झालं, आणि एक दिवस त्याने सांगितलं की आमचा, म्हणजे आमच्यासारख्या चारचौघांत नीट जगणाऱ्यांचा, अभ्यास करणं हे आता तुमचं कर्तव्य आहे. मुद्दा बिनतोड होता. तोवरचे सगळे अभ्यास तुरुंगातल्या, इस्पितळातल्या किंवा मनोविश्लेषकाच्या कोचावरच्या लोकांवर झालेले. कोणत्याही माणसांचा नमुना तिथून उचलला तर ती माणसं आजारीच निघणार. हूकरबाईंनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष घेतले, वय, शिक्षण आणि बुद्ध्यंक जुळवून. उपचार घेत असलेले वगळले. गाजावाजा नको म्हणून मुलाखती घरच्या बागेतल्या खोलीत घेतल्या. प्रत्येकाला शाईच्या डागांची रोर्शाक चाचणी आणि आणखी दोन चाचण्या दिल्या. मग सगळी उत्तरपत्रं नावं काढून त्या त्या चाचणीतल्या दिग्गजांसमोर ठेवली. रोर्शाकच्या बाबतीत अमेरिकेत ज्याचा शब्द अखेरचा मानत तो ब्रूनो क्लॉपफर त्यांत होता. जोड्यांमधला समलिंगी कोण ते ओळखा, एवढंच काम. त्यांना ते जमलं नाही. ओळखण्याचं प्रमाण नाणं उडवून मिळालं असतं त्याच्या पुढे गेलं नाही, आणि मानसिक समायोजनाचे गुणही दोन्ही गटांना सारखेच पडले. १९५७ साली हा निबंध छापून आला. तोवर लैंगिक वर्तनावरचे किन्सीचे १९४८ आणि १९५३ चे अहवाल येऊन गेले होतेच; समलिंगी अनुभव किती सर्रास आहे ते त्यांनी दाखवलं होतं. पण किती जण करतात आणि करणारे आजारी आहेत का, हे प्रश्न वेगळे. दुसऱ्याला हात हूकरबाईंनी घातला.

पुराव्याने निदान बदललं मात्र नाही. १९६८ च्या दुसऱ्या पुस्तिकेत ते तसंच होतं. बदलायला दंगा लागला. १९७० पासून समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अधिवेशनांत घुसू लागले. १९७१ साली वॉशिंग्टनमध्ये फ्रँक कॅमेनी या खगोलशास्त्रज्ञाने थेट ध्वनिक्षेपक हिसकावला. समलिंगी म्हणून त्याला सरकारी नोकरीतून काढलेलं होतं. १९७२ च्या डॅलस अधिवेशनात परिसंवाद ठेवला गेला. बार्बरा गिटिंग्ज या कार्यकर्तीने समलिंगी असलेल्या मनोविकारतज्ज्ञांना पत्रं लिहिली, की येऊन बोला. असे तज्ज्ञ बरेच होते, अधिवेशनाला येत, आपसांत गुपचूप भेटतही. पण मंचावर यायला कोणी धजेना. कळलं तर परवाना जाईल, नोकरी जाईल. शेवटी फिलाडेल्फियाचा जॉन फ्रायर तयार झाला, अटीवर. २ मे १९७२ रोजी तो मंचावर आला तो चेहऱ्यावर रबरी मुखवटा, डोक्यावर टोप आणि अंगात ढगळ सूट घालून. आवाज ओळखू येऊ नये म्हणून ध्वनिक्षेपकही बदललेला. कार्यक्रमपत्रिकेत नाव 'डॉ. एच. अनामिक'. मी समलिंगी आहे आणि मी मनोविकारतज्ज्ञ आहे, अशी त्याने सुरुवात केली. आपल्यासारखे दोनशेच्या वर जण याच संघटनेत आहेत, हे सांगितलं. समोर पहिल्या रांगेत बसला होता तो प्रशासक, ज्याने त्याला पूर्वी याच कारणाने नोकरीवरून काढलं होतं. त्याने मुखवट्याआडचा माणूस ओळखला नाही. तो माणूस आपणच होतो हे फ्रायरने संघटनेत उघडपणे सांगितलं १९९४ साली.

१९७३ साली होनोलुलूच्या अधिवेशनात निदानसमितीचा रॉबर्ट स्पिट्झर याला एक कार्यकर्ता समलिंगी डॉक्टरांच्या खाजगी बैठकीला घेऊन गेला. तिथे त्याला आपल्या ओळखीपाळखीचे, नावाजलेले सहकारी दिसले, आणि असं म्हणतात की त्याचं मत त्या रात्री पक्कं झालं. १५ डिसेंबर १९७३ रोजी संघटनेच्या विश्वस्तांनी समलैंगिकता यादीतून काढली. बीबर आणि चार्ल्स सोकॅरिडीस यांच्या गटाने सगळ्या सभासदांचं मतदान मागितलं. १९७४ साली ते झालं: निर्णयाच्या बाजूने ५८५४, विरुद्ध ३८१०. लाखो रोगी एका झटक्यात बरे झाले, अशी थट्टा वर्तमानपत्रांनी केली. विज्ञानाचा निकाल मतपेटीतून लागतो का, हा आक्षेप आजही निघतो. आक्षेप मला खोटा वाटत नाही, उशिरा घेतलेला वाटतो. १९५२ साली हे निदान यादीत घातलं गेलं तेव्हा त्याच्या पाठीशी कोणता प्रयोग होता, हे कोणी विचारलं नव्हतं. स्पिट्झरने नवी कसोटी मांडली: माणसाला स्वतःला त्रास होत असेल किंवा त्याचं जगणं अडत असेल तर तो विकार. समलैंगिकतेसाठी शोधलेली ही कसोटी पुढे १९८० च्या तिसऱ्या पुस्तिकेत साऱ्या मनोविकारांना लागू झाली. पण त्याच पुस्तिकेत एक चोरदरवाजा ठेवला होता. आपल्या ओढीचा ज्याला स्वतःलाच त्रास होतो त्याच्यासाठी वेगळं निदान. समाज छळणार आणि त्या छळाचा त्रास झाला की रोगी तुम्ही. ते १९८७ साली गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी आपल्या यादीतून समलैंगिकता वगळली, तिच्या यादीतला चोरदरवाजा मात्र पुढची आवृत्ती येईपर्यंत उघडा राहिला.

रुग्णाचं ऐका, एवढ्यावर ही कथा संपली असती तर बरं झालं असतं. पण त्याच स्पिट्झरने २००३ साली एक अभ्यास छापला: उपचाराने आपण बदललो असं सांगणाऱ्या २०० जणांच्या टेलिफोनवरून घेतलेल्या मुलाखती. त्यांतले कितीतरी जण धार्मिक संघटनांमार्फत आलेले. त्यांनी सांगितलं, याने मानलं. २०१२ साली, ऐंशीच्या घरात असताना, त्याने जाहीर माफी मागितली. जो माणूस बोलतो त्याला आपण काय ऐकायला उत्सुक आहोत ते ठाऊक असतं. तत्त्वज्ञ इयन हॅकिंगने याची मांडणी केली आहे: डॉक्टर माणसांचा एक वर्ग पाडतात, त्या वर्गातली माणसं ते वर्णन वाचतात आणि त्याप्रमाणे किंवा त्याविरुद्ध बदलतात, मग डॉक्टरांना वर्णन बदलावं लागतं.

याचं सगळ्यात लख्ख उदाहरण पारलिंगी लोकांच्या इतिहासात सापडतं. डॉक्टर हॅरी बेंजामिनचं या लोकांवरचं पुस्तक १९६६ साली निघालं. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लिंगबदलाचं केंद्र उघडलं. शस्त्रक्रिया कोणाला द्यायची हे डॉक्टर ठरवणार, आणि ठरवणार ते रुग्णाच्या हकिकतीवरून. काही वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आलं, की प्रत्येकाची हकिकत बेंजामिनच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळते. जुळणारच. सगळ्यांनी ते पुस्तक वाचलेलं होतं, एकमेकांना दिलेलं होतं. काय सांगितलं की दार उघडतं आणि काय सांगितलं की बंद होतं, हे ज्याला त्याला पाठ. या परीक्षेत खरं जगणं, त्यातला घोळ, संभ्रम, मध्येच राहावंसं वाटणं हे सगळं गाळलं गेलं, अशी तक्रार सँडी स्टोन या पारलिंगी विदुषीने पुढे केली, आणि ती मार्मिक आहे. डॉक्टरने साचा दिला, रुग्णाने स्वतःला त्यात ओतून दाखवलं, आणि डॉक्टरने म्हटलं, बघा, साचा बरोबर होता.

जॉन मनी याच जॉन्स हॉपकिन्समधला. लिंगभाव ही देहापासून वेगळी, लहानपणी घडणारी गोष्ट आहे, ही मांडणी त्याने १९५५ पासून केली. रॉबर्ट स्टोलरने १९६० च्या दशकात तिला आजचं रूप दिलं. मनीचा गाजलेला पुरावा म्हणजे डेव्हिड रायमर. १९६५ साली जन्मलेल्या या मुलाचं शिश्न सुंतेच्या वेळी जळालं, आणि मनीच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवलं गेलं. प्रयोग यशस्वी, असं मनी वर्षानुवर्षं लिहीत राहिला. मुलगा पौगंडवयातच पुन्हा मुलगा म्हणून जगू लागला होता. २००४ साली रायमरने आत्महत्या केली. त्याने स्वतः काय म्हटलं ते छापून यायला तीस वर्षं लागली.

१९८० सालची पुस्तिका, जिने समलैंगिकतेला बहुतांशी बाहेर काढलं, तिनेच लिंगभावाची निदानं आत घेतली. २०१३ साली त्यातला 'विकार' गळला आणि फक्त होणारी घालमेल निदानात उरली. जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी यादी २०१९ साली मंजूर झाली, २०२२ पासून लागू झाली. तिने हा विषय मनोविकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. पूर्ण काढून का नाही टाकला? कारण निदान नाही तर शस्त्रक्रिया नाही, संप्रेरकं नाहीत, विमा कंपनी पैसे देणार नाही. एकोणिसाव्या शतकातला सौदा इथे अजून चालू आहे, आणि या खेपेला तो मोडायला कोणी फारसं उत्सुकही नाही.

आपल्याकडे कायदा आणि वैद्यक यांच्या तारखा फार मजेशीर गुंतलेल्या आहेत. १९८० च्या दशकात भारतीय मानसोपचाराच्या नियतकालिकात समलिंगी रुग्णांना वर्तनोपचाराने बदलल्याचे लेख येत होते. अमेरिकेने निदान सोडून दिल्यानंतर. मुंबईत १९९० साली अशोक रावकवींनी 'बॉम्बे दोस्त' सुरू केलं, पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट काढला. मराठी मुलगा किंवा मुलगी डॉक्टरऐवजी दुसऱ्या कोणाला विचारू शकेल अशी जागा कर्व्यांनंतर इतक्या वर्षांनी तयार झाली. २००१ साली समलिंगी रुग्णावर केलेल्या 'उपचारां'विरुद्धची तक्रार राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढे गेली, तेव्हा ती दाखल करून घेतली गेली नाही; कलम ३७७ आडवं आलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांना त्या कलमातून सोडवलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पुन्हा अडकवलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी कायमचं सोडवलं. त्या शेवटच्या निकालाआधी काही महिने मानसिक आरोग्य कायदा, २०१७ अंमलात आला होता. त्याने मनोविकार ठरवायला आंतरराष्ट्रीय मानकांचा आधार सक्तीचा केला आणि समाजाच्या नैतिक कल्पनांशी न जुळणं हा मनोविकाराचा निकष होऊ शकत नाही असं स्पष्ट केलं. निकालात त्याचा आधार घेतला गेला. म्हणजे ज्या वैद्यकाने इतर देशांत माणसाला पिंजऱ्यात घातलं, त्याच वैद्यकाच्या नव्या यादीचा उपयोग इथे कायद्याचा पिंजरा उघडायला झाला. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली आपली भूमिका जाहीर केली, ती निकालाच्या अगदी तोंडावर.

दवाखान्यात हे अजून पुरतं पोचलेलं नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली एका प्रकरणात समलिंगी माणसाला बदलण्याच्या उपचारांना मनाई केली आणि वैद्यकीय अभ्यासक्रम सुधारायला सांगितलं. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असं राज्य परिषदांना कळवलं. आणि त्याच आयोगाच्या ऑगस्ट २०२४ च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात, न्यायवैद्यकाच्या विभागात, स्त्रियांमधले समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत येऊन बसले. ओरड झाली, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अभ्यासक्रम मागे घेतला गेला. मात्र पूर्वीच्या अभ्यासक्रमातल्या तशाच धड्यांवर शिकून बाहेर पडलेले हजारो डॉक्टर आज तालुक्याच्या गावी दवाखाने चालवताहेत, आणि मुलाने किंवा मुलीने घरी सांगितलं की घाबरलेले आईबाप पहिल्यांदा गाठतात ते त्यांनाच.